मासे पाळण्यासाठी जुनी पिंपे : चौकशी आधी, धुणे नंतर

मावळ तालुका हा पाण्याने समृद्ध असा तालुका आहे. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते आणि पवना, आंद्रा व वडिवळे ह्या धरणांचे जलाशय ह्याच तालुक्याच्या दऱ्याखोऱ्यांत पसरलेले आहेत. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेल्या 'इंद्रायणी' भाताने ह्या भागाचे नाव महाराष्ट्रभर नेले. मत्स्यसंवर्धनाच्या क्षेत्रातही हा भाग अपरिचित नाही. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटा पॉवर कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीर माशाचे कृत्रिम प्रजनन होत आले असून, तेथील बोटुकली देशातील अनेक जलाशयांस पुरविण्यात आली आहेत.

अशा ह्या तालुक्यात शेतीस जोड म्हणून थोडेफार मासे पाळावेत, अशी इच्छा शेतकऱ्यास व्हावी हे स्वाभाविकच आहे. २०१६ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' ह्या योजनेमुळे राज्यात शेततळ्यांची संख्या वाढली. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने लहान टाक्यांतील मत्स्यपालनासही उत्तेजन दिले. परंतु ज्याच्यापाशी शेततळे नाही आणि मोठी टाकी बांधण्याची ऐपतही नाही, असा शेतकरी किंवा एखादा महिला बचत गट प्लास्टिकच्या जुन्या पिंपाकडे वळतो. डास आटोक्यात ठेवणारे गप्पी मासे वाढविणे, शोभिवंत मासे विक्रीसाठी पाळणे किंवा तळ्यात सोडण्यापूर्वी आणलेली बोटुकली काही दिवस सांभाळणे, ह्या कामांस दोनशे लिटरचे निळे पिंप सोयीचे पडते. ते हलके असते, गंजत नाही आणि भंगाराच्या दुकानात नव्या टाकीच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळते.

ह्या काटकसरीस कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तथापि तिच्यात एक धोका दडलेला आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. जुने पिंप आणले, साबण लावून घासले, दोनदा विसळले, म्हणजे ते निर्मळ झाले असा सर्वसाधारण समज आहे. हा समज निम्माच खरा आहे. घासल्याने मळ जातो. प्लास्टिकच्या अंगात मुरलेले विष घासल्याने जात नाही. म्हणून पिंप कसे धुवावे हा दुसरा प्रश्न होय. त्या पिंपात पूर्वी काय होते, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून दुसऱ्या प्रश्नाकडे वळूच नये.

प्लास्टिक अभेद्य नाही

पिंपांसाठी वापरले जाणारे प्लास्टिक दिसावयास गुळगुळीत व घट्ट असले तरी काचेप्रमाणे अभेद्य नसते. पाणी त्यात मुरत नाही. परंतु तेलकट पदार्थ आणि खनिज तेलापासून बनविलेले द्रावक त्याच्या भिंतीत हळूहळू शिरतात. पुष्कळशी प्रवाही कीटकनाशके अशाच द्रावकात विरघळविलेली असतात. द्रावकाबरोबर विषही भिंतीत शिरते आणि महिनोन्महिने तेथे मुक्काम करते. पाण्याने विसळून ते निघत नाही, कारण ते पाण्यात सहजी विरघळणारे नसते. मात्र त्याच पिंपात पाणी भरून दिवसेंदिवस ठेवले, त्यास ऊन लागून ते कोमट झाले, की ते विष थोडथोडे बाहेर येऊ लागते. धुताना जे निघाले नाही, ते मासे सोडल्यावर निघते, अशी ही विपरीत गोष्ट आहे.

हे प्रमाण किती अल्प असले तरी घातक ठरते, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक २५ टक्के प्रवाही स्वरूपात मिळते. त्याच्या एका थेंबात, म्हणजे सुमारे एक विसांश मिलिलिटरमध्ये, बारा मिलिग्रॅमच्या आसपास विष असते. हा एकच थेंब दोनशे लिटर पाण्यात मिसळला, तर लिटरमागे सुमारे साठ मायक्रोग्रॅम विष होते. अनेक जातींचे मासे लिटरमागे अवघ्या काही मायक्रोग्रॅम सायपरमेथ्रिननेही मरतात. अर्थात मासे मरण्यास पूर्ण थेंबाचीही गरज नाही. थेंबाचा काही अंश पुरेसा होतो. डब्याच्या तळाशी, झाकणाच्या आट्यांत किंवा मुठीच्या पोकळीत एवढे द्रव सहज राहून जाते.

माशाची शरीररचनाही येथे विचारात घेतली पाहिजे. गुरे पिंपातील पाणी पितात आणि निघून जातात. मासा त्या पाण्यात अहोरात्र असतो आणि त्याच पाण्यातून श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांवरून दिवसभर पाणी वाहत असते. कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असल्यामुळे पाण्यातील विष तेथून थेट रक्तात जाते. 'ह्याच पिंपातले पाणी गुरांना वर्षभर पाजले, काही झाले नाही,' हे बोलणे नेहमी ऐकू येते. परंतु ते माशांच्या बाबतीत पुरावा म्हणून मानता येत नाही.

कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषारीपणा दाखविणारे लाल, पिवळे, निळे किंवा हिरवे चिन्ह असते. लाल म्हणजे अत्यंत विषारी आणि हिरवे म्हणजे त्या मानाने सौम्य, हे बहुतेक शेतकऱ्यांस ठाऊक आहे. परंतु ही वर्गवारी सस्तन प्राण्यांवरील परिणामावरून ठरविलेली आहे. माणसास सौम्य असलेले औषध माशास सौम्य असेलच असे नाही. यास्तव निळे किंवा हिरवे चिन्ह पाहून डबा मत्स्यपालनास घेणे ही चूक होय.

इतिहासाने दिलेले इशारे

रिकाम्या भांड्यातून किंवा सांडलेल्या विषातून केवढा अनर्थ होतो, ह्याची उदाहरणे भारतात घडलेली आहेत. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक व खाद्यपदार्थ एकाच जहाजातून आणले गेले. विष गळून अन्नात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. ह्या दुर्घटनेनंतरच्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. पुढे १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत माध्यान्ह भोजनामुळे २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. ते तेल पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात ठेवले गेले असावे, असे तपासात पुढे आले.

ही दोन्ही उदाहरणे माशांची नाहीत, हे खरे. परंतु पिंपात वाढलेला मासा पुष्कळदा घरातल्याच ताटात येतो. पिंपातील विषाने मासा मेला तर नुकसान पैशाचे होते. मासा जगला आणि विष त्याच्या अंगात साठत राहिले, तर ते खाणाऱ्याच्या पोटात जाते, आणि खाणारांत लहान मुलेही असतात. दुसरी शक्यता पहिलीहून अधिक गंभीर आहे, कारण तिची खूण डोळ्यांना दिसत नाही.

मावळातील विशेष परिस्थिती

हा प्रश्न मावळात इतर ठिकाणांहून अधिक निकडीचा आहे. तळेगाव परिसरात हरितगृहांतील फुलशेती मोठ्या प्रमाणावर होते व मावळचा गुलाब परदेशी बाजारातही जातो. हरितगृहात कीड व बुरशी आटोक्यात ठेवण्यासाठी वरचेवर औषधे फवारावी लागतात आणि त्यामुळे रिकामे डबे सतत निर्माण होतात. तळेगाव व शेजारच्या चाकण येथील कारखान्यांतूनही रंग, तेले, आम्ले व इतर रसायने ह्यांची रिकामी पिंपे भंगारात येतात. तेथे सर्व पिंपे एका ढिगात पडतात. पावसाने चिठ्ठ्या निघून जातात, निळे पिंप निळ्या पिंपासारखेच दिसते आणि घेणाऱ्याने विचारले तर विक्रेत्यालाही सांगता येत नाही.

दुसरीकडे, लोणावळ्याच्या बाजारपेठेत चिक्की, सरबते व मिठाई ह्यांचा व्यवसाय चालतो, आणि उपाहारगृहेही पुष्कळ आहेत. अशा व्यवसायांतून द्रवरूप ग्लुकोज, पाक, फळांचा गर, लोणची किंवा खाद्यतेल ह्यांची भांडी रिकामी होतात. म्हणजे निर्धोक पिंप मिळण्यासारखे आहे; मात्र ते ढिगातून न उचलता, जेथे रिकामे होते तेथूनच मागून घ्यावे लागते. चार पैसे अधिक पडले तरी ते त्या पिंपाच्या माहितीचे मोल होय, असे समजावे.

पिंपाची निवड

पिंप घेताना पुढील नियम पाळावेत. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, रंग, द्रावक, वंगण, आम्ल किंवा कोणतेही औद्योगिक रसायन असलेले पिंप मत्स्यपालनास कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. कितीही धुतले तरी हा नियम बदलत नाही. ज्यात काय होते हे खात्रीने कळत नाही, ते पिंपही विषारीच मानून नाकारावे. केवळ खाद्यपदार्थांचे, मूळ चिठ्ठी शाबूत असलेले किंवा वापरणाऱ्याच्या हातून प्रत्यक्ष घेतलेले पिंपच स्वीकारावे.

पिंपाच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ५ असा आकडा छापलेला असतो. त्यावरून पिंप निर्धोक आहे असे काही जण मानतात. हा आकडा प्लास्टिकची जात सांगतो. त्यात काय भरले होते हे सांगत नाही. एकाच जातीच्या प्लास्टिकात मध भरलेला असू शकतो आणि विषही.

नाकाचाही उपयोग करावा. झाकण लावून पिंप दिवसभर उन्हात ठेवावे. नंतर झाकण उघडून, पिंपात डोके न घालता, हाताने हवा नाकाकडे ओढून वास पाहावा. औषधाचा, रंगाचा किंवा रॉकेलसारखा वास आल्यास ते पिंप त्याच वेळी परत करावे. मात्र वास आला नाही एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही, कारण काही विषांना वास नसतो. वास हे नाकारण्याचे कारण होऊ शकते, स्वीकारण्याचे नव्हे.

स्वच्छतेची रीत

खाद्यपदार्थांचे पिंप मिळाल्यावर ते स्वच्छ करण्याची रीत सोपी आहे.

प्रथम पिंप साध्या पाण्याने दोन-तीन वेळा विसळून आतील पाक किंवा तेल जमेल तितके काढून टाकावे. नंतर बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून, काथ्याच्या कुंच्याने किंवा मऊ घासणीने आतील सर्व बाजू घासाव्यात. सोड्याने तेलकटपणा सुटतो. सोड्याचे पाणी हातांस झोंबते, म्हणून रबरी हातमोजे घालणे बरे. तारेची घासणी वापरू नये, कारण तिने पडलेल्या ओरखड्यांत घाण व जंतू ठाण मांडून बसतात. झाकणाच्या आट्या, तोटीची जागा व मुठीचे कोपरे विसरू नयेत.

भांडी किंवा कपडे धुण्याचा साबण व चूर्ण मात्र टाळावे. त्यातील फेस आणणारे घटक माशाच्या कल्ल्यांस इजा करतात आणि अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर धुऊन काढतात. शिवाय सुवास देणारी द्रव्ये प्लास्टिकात मुरून राहतात. पिंपात क्षारांचा पांढरा थर असेल तर तो सिरक्याने किंवा चिंचेच्या कोळाने घासून काढावा आणि पिंप भरपूर पाण्याने धुवावे.

त्यानंतर जंतुनाशन करावे. पिंप पूर्वी दुसऱ्या एखाद्याने माशांसाठीच वापरलेले असेल, तर ही पायरी विशेष आवश्यक आहे, कारण माशांचे रोग भांड्यांतून व जाळ्यांतूनही पसरतात. वीस लिटर पाण्यात ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे १५ ग्रॅम कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरच्या निवळीने पिंपाच्या आतील बाजू तासभर वारंवार ओल्या कराव्यात. हे काम उघड्यावर करावे. ब्लीचिंग पावडर व सिरका, आम्ल किंवा शौचालय साफ करण्याची द्रव्ये ही कदापि एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. सिरका वापरला असल्यास तो पूर्णपणे धुऊन गेल्यावरच ब्लीचिंग पावडर हाती घ्यावी.

जंतुनाशन झाल्यावर पिंप चार-पाच वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे आणि झाकण काढून, आडवे करून, दोन-तीन दिवस कडक उन्हात सुकवावे. लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅम क्लोरीनही लहान माशांस घातक ठरू शकतो, म्हणून ह्या पायरीत घाई करू नये. नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो. असे पाणी पिंपात भरल्यास ते एक-दोन दिवस उघडे ठेवूनच मासे सोडावेत.

धुण्याचे पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये. पिंपातून निघालेली घाण व क्लोरीन ओढ्यातील माशांसही तितकेच मारक आहेत, आणि मावळातील ओढे अखेर इंद्रायणीला किंवा पवनेलाच मिळतात. पाण्याच्या स्रोतापासून दूर एक खड्डा करून त्यात हे पाणी जिरवावे.

ह्या सर्व कामास ऊन लागते, आणि लोणावळ्याकडे मृगाचा पाऊस सुरू झाला की कित्येक आठवडे ऊन दिसत नाही. मत्स्यबीज तर पावसाळ्याच्या सुरुवातीसच मिळू लागते. म्हणून पिंपांची निवड, धुलाई व परीक्षा हे काम चैत्र-वैशाखातच उरकले पाहिजे. जुलैमध्ये बीज हाती आल्यावर घाईघाईने पिंप शोधणारा शेतकरी मिळेल ते पिंप घेतो, अर्धवट धुतो आणि अपघातास निमंत्रण देतो.

मासे सोडण्यापूर्वीची परीक्षा

स्वच्छ केलेल्या पिंपात पाणी भरून ते आठवडाभर ठेवावे. त्याच स्रोताचे पाणी दुसऱ्या, खात्रीच्या भांड्यातही भरून ठेवावे. मातीचा मोठा माठ किंवा जुनी सिमेंटची टाकी ह्या कामी चालेल. नंतर दोन्ही ठिकाणी एकाच वेळी पाच-पाच गप्पी सोडून चार दिवस लक्ष ठेवावे. पिंपातील मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले, वेडेवाकडे पोहू लागले किंवा मेले, आणि दुसऱ्या भांड्यातील मासे मात्र ठणठणीत राहिले, तर दोष पिंपाचा आहे असे समजावे. दोन्हीकडचे मासे मेले तर दोष पाण्याचा असण्याचा संभव अधिक. दुसरे भांडे ठेवल्यावाचून ह्या परीक्षेस अर्थ राहत नाही.

परंतु ह्या परीक्षेची मर्यादाही ओळखली पाहिजे. चार दिवसांत मासे मेले नाहीत, ह्याचा अर्थ पिंपात त्वरित मारणारे विष नाही एवढाच होतो. हळूहळू साठणारे विष चार दिवसांत उघड होत नाही. म्हणून विषाचे पिंप धुऊन, त्यात मासे जगवून दाखवून, ते निर्धोक ठरविता येणार नाही. चौकशीत बाद झालेल्या पिंपास ही परीक्षा देऊच नये.

काही आक्षेप

गरीब शेतकऱ्यास इतके निर्बंध परवडणार नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तथापि हिशेब पुरा मांडला पाहिजे. पिंपाच्या किमतीत झालेली बचत एका बाजूस आणि मेलेले बीज, वाया गेलेला हंगाम, फुकट गेलेले खाद्य व गिऱ्हाइकाचा तुटलेला विश्वास दुसऱ्या बाजूस, असे धरले म्हणजे संशयास्पद पिंप सर्वांत महाग पडते. शिवाय पर्याय नाही असेही नाही. जमिनीत उथळ खड्डा घेऊन त्यावर जाड ताडपत्री अंथरता येते, विटांची छोटी टाकी बांधता येते, किंवा दोन-तीन कुटुंबांनी मिळून एक चांगली टाकी घेता येते. चार विषारी पिंपांपेक्षा एक निर्धोक टाकी केव्हाही बरी.

दुसरा आक्षेप असा की, गावोगावी अशी पिंपे पाणी साठविण्यास सर्रास वापरली जातात; मग माशांबाबतच एवढी काळजी का? ह्याचे उत्तर असे की, ती पिंपे पाण्यासही वापरू नयेत. माशांच्या निमित्ताने ही गोष्ट उघड होते एवढेच. मासा लवकर मरतो, म्हणून धोका लवकर कळतो. माणसाच्या बाबतीत तो कळण्यास वर्षे लागतात.

जबाबदारी कोणाची

ह्या प्रश्नाचा सर्व भार मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. विषारी पिंप त्याच्या अंगणात येते, कारण ते आधी कोणीतरी बाजारात सोडलेले असते.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांतील ४४ व्या नियमानुसार वापरलेली वेष्टने पुन्हा वापरली जातील अशा रीतीने बाहेर टाकण्यास मनाई आहे. ती मोडून, वस्तीपासून दूर पुरली पाहिजेत, असे तो नियम सांगतो. नियम जुना आहे, परंतु त्याचे पालन शिथिल आहे. हरितगृहाच्या मालकाने प्रत्येक डबा रिकामा होताच तीन वेळा विसळून ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. आणि लगेच डब्याच्या तळास भोके पाडावीत. भोक पडलेल्या डब्यात ना पाणी ठेवता येते, ना तेल, ना मासे. दोन मिनिटांचे हे काम पुढच्या कित्येक घरांचा धोका टाळते. असे डबे जाळू मात्र नयेत, कारण त्यांचा धूरही विषारी असतो.

भंगार विक्रेत्यांनी खाद्यपदार्थांची व रसायनांची पिंपे वेगवेगळी ठेवावीत, आणि रसायनांची पिंपे घरगुती वापरासाठी विकू नयेत, असा ठराव ग्रामसभांनी करावा. गावाने एकत्र येऊन मागणी केली तर विक्रेत्यालाही ती मान्य करावी लागेल, कारण त्याचे गिऱ्हाईक गावच आहे. तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी फुलशेतीचे प्रशिक्षण घेणारास फवारणीच्या धड्याबरोबर रिकाम्या डब्याचाही धडा मिळाला पाहिजे. मत्स्यबीज देताना मासे कोणत्या भांड्यात ठेवणार, हा एक प्रश्न मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांनी आवर्जून विचारावा. कृषी सहायकांनी वैशाखातील भेटींत पिंपांची पाहणी करून सल्ला द्यावा. ह्यांपैकी कशासही मोठा खर्च नाही. लागते ती सातत्याची दक्षता.

महाशीर हा स्वच्छ, वाहत्या व प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा आहे. त्याच्या संवर्धनासाठी ज्या तालुक्यात दीर्घ काळ कष्ट घेण्यात आले, त्याच तालुक्यात अंगणातल्या पिंपात मासे विषाने मरावेत, हे शोभादायक नाही. मत्स्यपालन हा अल्प भांडवलाचा, स्त्रियांच्याही हाती राहू शकणारा आणि कुटुंबाच्या आहारात भर घालणारा जोडधंदा आहे. तो वाढलाच पाहिजे. परंतु त्याचा पाया निर्धोक भांड्यावर असला पाहिजे. शेतकरी बी पेरण्यापूर्वी जमीन कोणती हे पाहतो, गाय घेण्यापूर्वी तिची पैदास विचारतो. पिंप घेण्यापूर्वीही त्याने तितकीच चौकशी करावी, आणि उत्तर न मिळाल्यास रिकाम्या हाताने घरी परतण्याचा निश्चय ठेवावा. अशा निश्चयाने परतलेला शेतकरी तोट्यात गेला असे कोणीही म्हणणार नाही.